पेन वेगळं मिळेल

खरेदी या विषयात मला कुणी काही शिकवू नये, असं माझं नम्र मत आहे. आमच्या कार्यालयात खुर्चीपासून खराट्यापर्यंत जे जे येतं ते माझ्या सहीने येतं. आता त्यातल्या काही खुर्च्या मोडतात आणि काही खराटे झाडायला घेण्याआधीच गळतात, पण तो वस्तूंचा दोष, पद्धतीचा नव्हे. पद्धत चोख असते. गरज निश्चित करायची, दरपत्रकं मागवायची, तौलनिक तक्ता करायचा, आणि मग जी वस्तू ठरेल ती घेऊन पुढची काही वर्षं तिच्याबद्दलच्या तक्रारींना शांतपणे उत्तरं द्यायची.

त्यामुळे मुलीला पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि जेवताजेवता ती सहज म्हणाली, "बाबा, नोट्स काढायला एक टॅब लागेल मला. छोटासा. ॲप्रनच्या खिशात मावेल असा," तेव्हा मी हातातला घास खाली ठेवला. इतकी वर्षं परक्यांसाठी खरेदी केली, आता घरच्यांना माझी योग्यता कळायची वेळ आली होती.

"तू अभ्यासाकडे लक्ष दे," मी म्हणालो. "टॅबची जबाबदारी माझी."

बायकोने मुलीकडे पाहिलं. ती शाळेत गणित शिकवते, आणि एखाद्याचं उत्तर चुकणार हे तिला पहिल्याच पायरीला कळतं.

"त्यापेक्षा मामाला सांगू या का?" ती म्हणाली. "तो तासाभरात आणून देईल."

मामा म्हणजे माझा मेव्हणा. त्याला सगळे 'अपडेट' म्हणतात. कारण कोणतीही वस्तू त्याच्याकडे जुनी होत नाही. जुनी व्हायच्या आत ती आमच्याकडे येते. आमच्या घरी त्याचे तीन फोन आहेत आणि एक असं यंत्र आहे की ते कशासाठी आहे हे आता त्यालाही आठवत नाही. अशा माणसाला तासाभरात खरेदी जमते यात नवल ते काय? पण त्याच्या पाठीमागे तक्ता कुठाय?

न बोलावता तो त्याच संध्याकाळी आला. चहा येईपर्यंत त्याने मला लेटन्सी समजावून सांगितली. लेटन्सी म्हणजे पेन टेकवल्यापासून रेघ दिसेपर्यंत जो वेळ जातो तो. हा वेळ म्हणे डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आत संपला पाहिजे.

"आणि नाही संपला तर?" मी विचारलं.

"तर चिडचिड होते, भावजी."

आमच्या कार्यालयात सकाळी लिहिलेल्या ओळीचा परिणाम पुढच्या आर्थिक वर्षात दिसतो, आणि आजवर कुणाची चिडचिड झाल्याची नोंद नाही. पण हे त्याला कोण सांगणार? मेव्हण्याशी वाद घालणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना बातमी कोण पोचवतं हे मला कळलेलं नाही, पण आमच्या घरात दुधाचं पातेलं उतू गेलं तरी ते दोन मिनिटांत सांत्वनाला येतात.

"टॅब घेताय म्हणे," ते म्हणाले. "हस्ताक्षर हा माणसाचा दागिना आहे. तुम्ही मुलीचा दागिना मोडायला निघालात."

"काका, त्यातही हातानेच लिहायचं असतं. पेन असतं त्याला."

"शाई कुठे भरतात?"

"शाई नसते. चार्ज करतात."

काकांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग बायकोकडे वळून, मी तिथे नसल्यासारखं, म्हणाले, "याला झोप पुरेशी मिळते ना?"

एवढ्यावर प्रकरण थांबलं असतं, पण 'अपडेट' आणि काका या दोघांनीही दुकानात बरोबर यायचं ठरवलं. एक मी नवीनतम घ्यावा म्हणून, दुसरे मी काहीच घेऊ नये म्हणून. मुलगी येणार होती, पण तिचं व्याख्यान होतं. जिला वस्तू वापरायची ती व्यक्ती खरेदीच्या वेळी हजर नसावी, हे तसं आमच्या कार्यालयाच्या परंपरेला धरूनच होतं.

दुकानात टॅब ओळीने मांडले होते. प्रत्येकावर आधी येऊन गेलेल्या कुणीतरी बदाम काढून ठेवले होते. गळ्यात पट्टा घातलेला एक विक्रेता तरुण आला आणि म्हणाला, "सर, युसेज काय आहे आपला?"

"उपरोक्त विषयास अनुसरून लिहून बघायचंय," मी म्हणालो, आणि खरोखरच पडद्यावर 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की' असं बोटाने सुवाच्य अक्षरात लिहिलं.

"सर, आता कमाल बघा. हा तुमचं अक्षर ओळखून छापील करतो." त्याने कुठेतरी बोट टेकवलं. पडद्यावर आलं: 'उपाशी विषाणू असून आपणास कळत नाही की.'

काका मोठ्याने वाचत होते. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"अक्षर कुणाचं आहे त्यावर असतं सर," विक्रेता नम्रपणे म्हणाला. ही गोष्ट दुकानातल्या चारचौघांसमोर म्हणायची काही गरज नव्हती.

मी विषय बदलून पेन मागितलं.

"पेन वेगळं मिळेल सर."

"वेगळं म्हणजे? लिहायच्या पाटीबरोबर पेन येत नाही?"

"नाही सर. पेनाचं टोकही झिजतं, ते वेगळं मिळेल. कव्हर वेगळं. आणि काचेवर पेन घसरतं ना, म्हणून कागदासारखी खरखरीत फिल्म मिळते. तीही वेगळी."

म्हणजे आधी कागद सोडून काच घ्यायची आणि मग ती काच कागदासारखी व्हावी म्हणून तिला वर आणखी एक कपडा घालायचा. वाण्याकडची साधी वही जन्मतःच खरखरीत असते, हे मी त्याच्या निदर्शनास आणून दिलं. काकांनी टाळी वाजवली. 'अपडेट' जरा लांब जाऊन उभा राहिला, अनोळखी गिऱ्हाईक असल्यासारखा.

आम्ही त्या दिवशी काही घेतलं नाही. मी सगळ्यांचे तपशील उतरवून घेतले, घरी येऊन तक्ता केला, आणि मग मला तो विचार सुचला ज्याचा मला आजही, सगळं होऊन गेल्यावरही, थोडासा अभिमान आहे. टॅबवर आपण लिहितो. म्हणजे आपण विकत घेतो ती खरं तर लिहायची जागा. मग जागेचा भाव काढावा तसा चौरस इंचाला दर का काढू नये? काढला. आणि इतके दिवस डोळ्यांसमोर असलेलं सत्य स्वच्छ दिसलं: दुकानातला सर्वांत मोठा टॅब सर्वांत स्वस्त पडत होता.

"अहो, टॅब घेताय की फरशी?" बायको म्हणाली.

मी तिला तक्ता दाखवला. तिने तपासला. गणित बरोबर होतं. ती म्हणाली, "गणित बरोबर आहे, हेच तर दुःख आहे," आणि वह्या तपासायला निघून गेली.

टॅब घरी आला तेव्हा तो खोक्यातून काढायला दोन माणसं लागली, असं 'अपडेट' सगळीकडे सांगतो. ही अतिशयोक्ती आहे. मी एकट्याने काढला; त्याने फक्त खोकं धरलं. मुलीने तो हातात घेतला, छातीशी धरला, पुन्हा लांब धरला. "छान आहे, बाबा," ती म्हणाली. "मोठा आहे."

"आकृत्या किती मोठ्या येतील बघ! गाय जवळजवळ जशीच्या तशी मावेल."

ती हसली. मी त्या हसण्याचा अर्थ समाधान असा लावला.

फिल्म चिकटवायचा समारंभ न्हाणीघरात झाला. वाफेने धूळ खाली बसते, असं 'अपडेट'ला कुणीतरी सांगितलं होतं. गरम पाण्याचा नळ सोडून आम्ही दोघांनी स्वतःला आत कोंडून घेतलं. काका दाराच्या फटीतून "हवा राहिली, डावीकडे हवा राहिली," असं ओरडत होते. वाफेत आम्हाला एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते, तर हवा कुठून दिसणार? शेवटी फिल्म बसली. एकही बुडबुडा नाही. फक्त बरोब्बर मधोमध एक बारीक केस अडकला होता. जरासा वळलेला, राखाडी. माझ्या मिशीचा असावा, असं सर्वानुमते ठरलं. तो काढायचा तर फिल्म काढावी लागली असती आणि फिल्म वेगळी मिळते. केस राहिला.

पुढे शरीररचनेच्या सरावात तिच्या प्रत्येक आकृतीत एक शीर जास्त आहे, असा शेरा आला. तिने मला ते सांगितलं नाही. बायकोने सांगितलं.

महाविद्यालयाच्या फाटकावर तर निराळंच घोडं अडलं. आत नेलेली वस्तू बाहेर नेताना तीच आहे हे सिद्ध व्हावं म्हणून फाटकावर नोंद होते. रखवालदाराकडे रकाने दोनच, लॅपटॉप आणि फोन. त्याने टॅब हातात घेऊन, उलटसुलट करून पाहिला आणि लिहिलं: 'पाटी, काळी, मोठी, एक.' मुलगी म्हणाली, हे बदला. तो म्हणाला, काळी नाहीये का? तेव्हापासून महाविद्यालयात त्याचं नाव पाटी पडलं, आणि आमच्याही घरात तेच रुळलं.

मुलगी रोज पाटी घेऊन जायची आणि पाटी घेऊन यायची. कसं चाललंय विचारलं की "मस्त" म्हणायची. मी कार्यालयात चारचौघांना सांगत होतो की मुलीचं उत्तम चाललंय, साधनं योग्य निवडली की अर्धं शिक्षण तिथेच होतं.

अशात एका दुपारी आमची खरेदी समितीची बैठक चालू होती. कचऱ्याच्या डब्यांबरोबर झाकणं घ्यावीत की डबे उघडेच ठेवावेत, यावर दोन तट पडले होते. एवढ्यात मुलीचा फोन आला. ती भर दुपारी कधी फोन करत नाही, म्हणून मी तिथेच घेतला.

"बाबा," तिचा आवाज कापत होता, "मॅडमनी पेन गिळलं."

"काय?"

"पाटीचं पेन. मॅडमनी गिळलं."

मी बैठकीची क्षमा मागून उभा राहिलो. "कुठल्या मॅडम?"

"पोषणशास्त्राच्या."

"अगं, पण का? रागावल्या होत्या का?"

"नाही रे, भूक लागली असेल."

"बऱ्या आहेत का आता?"

"आता बसल्यायत. रवंथ करतायत."

इथे माझ्या मनात पहिल्यांदा शंका आली. मॅडम ही गाय होती. पोषणशास्त्र विभागाची, काळ्यापांढऱ्या रंगाची, अंगापिंडाने थोराड आणि स्वभावाने इतकी करारी, की विद्यार्थ्यांनी तिला हे नाव दिलं होतं. झालं होतं ते असं: पाटी काही ॲप्रनच्या खिशात मावेना. त्यामुळे गोठ्यात काम करताना मुलगी ती गव्हाणीच्या कडेवर उभी करून ठेवायची. पेन पाटीच्या बाजूला लोहचुंबकाने चिकटून राहायचं. मॅडमने मान वळवली, चाऱ्याबरोबर जीभ फिरवली आणि पेन सोलल्यासारखं उचलून आत घेतलं.

"तू येऊ नकोस," मुलगी म्हणाली. "मी बघते काय ते."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, घरी जाऊन पेनाचं खोकं घेतलं आणि महाविद्यालयात हजर झालो. माझ्या पद्धतीने घेतलेली वस्तू कुठल्या गाईच्या पोटात आहे हे कळूनही मी झाकणांवर चर्चा करत बसणं शक्य नव्हतं.

गोठ्यात मुलगी एका बाईंसमोर उभी होती. या शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापक. बुटक्या, बाह्या वर सारलेल्या, बोलणं मोजकं. 'मॅडम' हे संबोधन गाईने आधीच घेतल्यामुळे यांना सगळे विद्यार्थी 'सर' म्हणत. त्यांचीही हरकत दिसली नाही.

"तुम्ही वडील का?" सर म्हणाल्या. "गाय आधी गिळते आणि मग निवांत चावते. त्यामुळे खिळा, तार, काहीही आत जातं आणि पुढच्या कप्प्यात जाऊन बसतं. त्या कप्प्याला लागूनच हृदय. पेनाला टोक आहे?"

"आहे," मी म्हणालो. "ते वेगळं मिळतं."

"आणि आत बॅटरी?"

"उत्तम प्रतीची."

सरांनी डोळे मिटून घेतले. मुलीच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. मी म्हणणार होतो की पेनाला वॉरंटी आहे, पण ती गाईला लागू होते की नाही हे मला नक्की माहीत नव्हतं.

"काढता येईल," सर म्हणाल्या. "मॅडमला झाकण आहे."

मला वाटलं, मघाच्या बैठकीचा परिणाम अजून उतरला नाही. पण सरांनी मला गाईच्या पलीकडच्या बाजूला नेलं आणि तिथे, गाईच्या डाव्या कुशीत, खरोखरच एक गोल रबरी झाकण होतं. बरणीला असतं तसं. आत काय चाललंय ते शिकवण्यासाठी अशी खिडकी करतात म्हणे, गाईला तिचा काही त्रास नसतो. मॅडमचा चेहरा पाहता त्रास तिला नव्हताच. मलाच थोडा होऊ लागला होता.

"मग उघडू या," मी म्हणालो.

"उघडू या ना. पण गाय पोषणशास्त्र विभागाची आहे. झाकण आमचं. त्यांचा प्रयोग चालू असताना त्यांच्या परवानगीशिवाय उघडता येत नाही. विभागप्रमुख परिषदेला गेलेत."

पोषणशास्त्राचा कारभार त्या दिवशी एका कारकुनाकडे होता. हा गृहस्थ म्हणजे माझाच धाकटा भाऊ शोभावा. टेबलावर एक कागद वाकडा नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडमचा चारा आम्ही रोज वजन करून देतो. आजच्या खाण्यात पेन धरायचं की नाही?"

"धरू नये," मी म्हणालो. "ते पोषक नाही."

"पण खाल्लंय तर खरं. आणि पेन आतच आहे याला पुरावा काय? पडलं असेल कुठे गवतात."

प्रश्न बिनतोड होता. मला त्याचं कौतुक वाटलं, पण तेवढ्यात मुलगी मला मागे सारून पुढे झाली. "चला, दाखवते," ती म्हणाली. तिने त्या माणसाला गोठ्यात आणलं, पाटी उघडली आणि मॅडमच्या कुशीला टेकवली. पडद्यावर आलं: 'पेन जोडलं गेलं आहे. बॅटरी एकाहत्तर टक्के.'

कारकुनाने ते वाचलं, मॅडमकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. "अर्ज द्या," तो म्हणाला.

अर्ज मी लिहिला. गाईच्या पाठीवर कागद ठेवून. विषय: 'गाईच्या पोटातील खासगी मालमत्ता परत मिळणेबाबत.' या गदारोळात मला जमण्यासारखी एवढी एकच गोष्ट होती आणि ती मी मन लावून केली. कारकुनाने 'उपरोक्त'पाशी थांबून मान डोलावली. दुकानातल्या यंत्राला न कळलेलं माझं अक्षर त्याला कळलं. परवानगी मिळाली.

सरांनी झाकण उघडलं. जो वास बाहेर आला त्याचं वर्णन करायला मी असमर्थ आहे. इतकंच सांगतो की तो वास नव्हता, ते हवामान होतं.

"जिचं पेन, तिचा हात," सर म्हणाल्या आणि खांद्यापर्यंतचा लांब हातमोजा मुलीपुढे धरला.

मुलगी हलली नाही.

"आज पळायचं नाही," सर म्हणाल्या. आवाज कडक नव्हता. मग माझ्याकडे वळून, "वर्गातल्या सगळ्यांनी हात घालून झालाय. ही दर वेळी रांगेत एकेकाला पुढे पाठवते आणि शेवटी फाटकाबाहेर निघून जाते. घरी बोलली नाही?"

घरी तिने मस्त म्हणून सांगितलं होतं. मी मुलीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. रोज संध्याकाळी ती पाटी टेबलावर ठेवायची, मी तिच्यावरून फडकं फिरवायचो, आणि "बॅटरी किती उरली?" एवढंच विचारायचो.

"मी घालतो हात," मी म्हणालो.

"तुमचा प्रवेश झालाय इथे?" सरांनी विचारलं.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तू बाजूला हो."

ती हातमोजा चढवू लागली. दोनदा बोटं चुकीच्या जागी गेली. मग तिने मॅडमच्या पाठीवर दुसरा हात ठेवला, गाल जवळजवळ तिच्या कुशीला लावला, आणि मनगट आत गेलं. मग कोपर. मॅडमने मान वळवून पाहिलं आणि चघळणं चालू ठेवलं.

"पुढे, डोक्याच्या दिशेला," सर म्हणाल्या. "खाली. मधाच्या पोळ्यासारखी जाळी लागेल बोटांना."

मुलीने डोळे मिटले होते. कपाळावर घाम. खांदा आत टेकला. "लागली," ती हळूच म्हणाली. "जाळी लागली, सर." कारकूनही चवड्यांवर उभा होता. आणि मग माझ्या मुलीचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला. लहानपणी अंधारात दिव्याचं बटण सापडल्यावर होई तसा, पण त्याहून मोठा.

"आहे," ती म्हणाली. "उभं आहे. टोक वर."

"घाई नको. टोक मुठीत घे. हं. आता ये."

हात इंचाइंचाने बाहेर आला आणि त्याच्या शेवटी हिरव्या लगद्यात माखलेलं पेन होतं. कारकुनाने टाळ्या वाजवल्या आणि लगेच थांबवल्या. मी खाली बसलो. बसायला तिथे काही नव्हतं, ही गोष्ट नंतर लक्षात आली. होतं ते शेणाचं घमेलं, आणि ते तिथून कुणीतरी हलवायला हवं होतं.

पेन धुतलं तर चालू होतं! मी खोक्यात ठेवायला हात पुढे केला, पण सर म्हणाल्या, "आमच्याकडे एक कपाट आहे. गाईंच्या पोटातून निघालेल्या वस्तूंचं. खिळे आहेत, कुलूप आहे, एक चमचा आहे. पेन अजून नव्हतं. द्याल का?"

"त्याला वॉरंटी—" मी सुरुवात केली.

"घ्या, सर," मुलगी म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

परतताना बसमध्ये गर्दी होती, पण आम्ही चढल्यावर ती आपोआप विरळ झाली. आम्हाला बाक मिळाला. दोघांची अवस्था सारखीच होती, फक्त तिची मानाची होती आणि माझी घमेल्यातली.

"पाटी आईला देते," मुलगी म्हणाली. "शाळेत उपयोगी पडेल. दुसरा मी घेईन, तळहाताएवढा असला तरी चालेल."

तक्ता काढून ठेवतो, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"भीती वाटायची तर सांगायचं नाही का?" थोड्या वेळाने मी विचारलं.

"तू इतका खूश होतास ना," ती म्हणाली. मग हाताकडे बघत राहिली. "आत किती गरम असतं, बाबा. आणि सगळं हलत असतं, सावकाश. आपण बाहेर उभे असतो आणि ती नुसती चघळत बसलेली दिसते. आत केवढं काम चाललेलं असतं."

तिला आणखी सांगायचं होतं, पण वाक्याच्या मध्येच तिचा डोळा लागला. डोकं माझ्या खांद्यावर आणि तो हात माझ्या गुडघ्यावर. हातमोजा होता तरी वास आत झिरपला होता. माझा कार्यालयात घालायचा एकमेव बरा शर्ट होता तो. मी हललो नाही.

पुढच्या थांब्यावर एक गृहस्थ चढले. स्वच्छ, इस्त्रीचे, हातात चामडी बॅग. समोरच्या बाकावर बसले, रुमाल नाकाला लावला आणि दोन-तीनदा इकडेतिकडे पाहून मला म्हणाले, "कसला वास येतोय हो इथे?"

"गाईच्या पोटातला," मी म्हणालो. "आमच्या मुलीने हात घातला होता. खांद्यापर्यंत."

ते उठून मागे गेले. जाताना त्यांची बॅग बाकाला आपटली, तेव्हा मी त्यांना हळू जायला सांगितलं. ती झोपली होती.